नगरची मंडळी



'बाटगे' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलाय. शाळेच्या मैदानावर, भाड्याची खोली शोधताना, हल्ली तर मोबाइलवर रोजच. पण मराठीत तो एकट्या मुसलमानांसाठी वापरला जात नाही. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानांवरही तो कितीतरी पिढ्या पडत आलाय. शिवी एकच, तिचे वारसदार दोन, आणि तरी एकमेकांच्या घरात कोणत्या हकिकती सांगितल्या जातात याचा आपल्याला पत्ता नसतो. नाताळचा केक आणि ईदचा शीरखुर्मा यांच्यापुढे देवाणघेवाण सरकत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासावरच्या काही व्याख्यानांना मी जाऊन बसले. रिवाज साधा होता. आधी एक अभ्यासक तासभर बोलायचे, मग श्रोत्यांपैकी कुणीतरी उठून आपल्या घराण्याबद्दल सांगायचं. या दोन्हींत जे अंतर होतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, त्यांना परत पाठवण्याची तिने बरीच खटपट केली. ('मिशनरी इंग्रजांनीच आणले' असं सरसकट ठोकून देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.) १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. हे लोक काँग्रिगेशनल पंथाचे. या पंथात वर बिशप नसतो. प्रत्येक ठिकाणची उपासक मंडळी आपला कारभार आपण बघते, पाळकही आपणच निवडते. इथला ख्रिस्ती माणूस चर्चला आजही 'मंडळी' म्हणतो, तो शब्द या पंथाला फार नेमका बसतो. पुढे १९७० मध्ये हा प्रवाह इतर पंथांबरोबर उत्तर भारतीय चर्चमध्ये मिळाला, आणि तिथे बिशप आहेत. यावर नगरची जुनी माणसं काय बोलतात ते चहाच्या वेळी ऐकावं.

शाळांबद्दल अभ्यासक भरभरून बोलले. सिंथिया फरार १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत नगरला मुलींना शिकवत राहिल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' अजून निघतं. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तिथे आपल्याही कितीतरी घरांतली मुलं शिकली. आणि प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक? तेही नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले. हे ऐकून सभागृहात टाळ्या पडल्या.

मग घरच्या हकिकती सुरू झाल्या आणि सूर बदलला.

एका निवृत्त शिक्षिकेने पणजोबांबद्दल सांगितलं. ते महार, गावची येसकरी त्यांच्याकडे. बाप्तिस्मा घेतल्यावर मेलेलं ढोर ओढायला त्यांनी नकार दिला आणि गावाने बलुतं बंद केलं. दारोदार भाकरी मागायला जाणं थांबलं, तेव्हा पणजी रडली, की 'सुटले एकदाची' म्हणाली? त्यांच्या घरात हे दोन्ही प्रकारे सांगितलं जातं, आणि दोन्ही खरं असावं असं त्या म्हणाल्या.

दुसरे एक गृहस्थ उठले. त्यांचे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या आसऱ्याला वाढले. ते म्हणाले, "लोक म्हणतात, पोटासाठी ख्रिस्ती झाले. झाले असतील. ज्यांच्यात राहिले असते, त्यांनी भाकरी दिली होती का?" नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. या उत्तरात लाज नव्हती आणि सारवासारवही नव्हती. धर्म तलवारीने बदलला की आमिषाने, या ठरीव भांडणात उपाशी पोराला जागाच नसते. त्यांनी ती त्याला दिली.

या सगळ्यात वारंवार येणारं नाव नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर फुटलं, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईही त्यांच्या वाटेने गेल्या. सोवळंओवळं पाळत वेगळी चूल मांडणारी ही बाई जात हळूहळू कशी सोडते, ते 'स्मृतिचित्रे'त वाचावं. न वाचलेल्यांनी उद्याच वाचायला घ्यावं. पण टिळक ब्राह्मण होते. ब्राह्मण धर्मांतरित लिहू शकले, म्हणून त्यांची तगमग आपल्याला ठाऊक आहे. नगर जिल्ह्यातली बहुसंख्य मंडळी महार आणि मांग वस्त्यांमधून उभी राहिली, तिचं 'स्मृतिचित्रे' कुठे आहे? हा प्रश्न तिथल्याच एका तरुणीने विचारला. लग्न जमवताना जुनी जात अजून विचारली जाते, हेही तिनेच सांगितलं. आपल्याच मंडळीसमोर, माइक हातात घेऊन.

ऐकताना मला आपले कार्यक्रम आठवत होते. नगरच्या व्यासपीठावर आपण निजामशाही, मलिक अंबर आणि चांदबिबीबद्दल बोलतो. अभिमानाने बोलावं, त्यात गैर काही नाही. पण सभेत बसलेला बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी यांपैकी कुणाचा वंशज असतो? गावगाड्यात आपला मुलाणीही होताच, त्याला वाटा किती मिळायचा, कुठे बसवायचे, हे त्याच्या नातवाला माहीत आहे का? 'आपण मुसलमान कसे झालो' असं घरात विचारलं की बहुधा दोन उत्तरं मिळतात. एक, औलियांच्या संगतीने. दुसरं, आपण मूळचे अरबस्तानचे. पहिल्यात तथ्य आहे, पण तपशील नाही. दुसऱ्याबद्दल दादीला खोदून विचाराल, तर ती हसते. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही आणि घरीही नाही.

हा प्रश्न हळवेपणाचा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाचा अहवाल आला, त्याने धर्माची ही अट काढायला सांगितलं. ती निघाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. अशा प्रत्येक वेळी विचारलं जातं ते हेच: धर्म बदलल्यावर जातीचा जाच संपला का? याचं उत्तर कागदावर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त आहे. पणजीने कोणत्या विहिरीचं पाणी भरलं, कुणाच्या कब्रस्तानात जागा नाकारली गेली, कुणाच्या घरी मुलगी द्यायची नाही असं ठरलं, हे कधी नोंदलंच गेलं नाही, तर ते घडलं नाही असंच धरलं जाईल. आणि ते घडवण्यात आपल्यातलेच शरीफ म्हणवणारे होते, म्हणून ते उच्चारायला आपण कचरतो. नगरच्या त्या मुलीने माइक घेतला, तो यासाठी मला मोठा वाटला.

पुढच्या अंकापासून या हकिकतींसाठी आम्ही पानं राखून ठेवतो आहोत. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलंत तरी चालेल, उतरवून आम्ही घेऊ. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. दादी-नानीला आधी कामधंद्याचं विचारा, धर्माचं नंतर. कामाबद्दल बायका मोकळेपणाने बोलतात. आणि ती दखनीत बोलली तर ते दखनीतच राहू द्या, शुद्ध मराठी किंवा नफीस उर्दू करायला जाऊ नका.