पूर्वेचे रेम्ब्रां आणि आपले सोवळे

थोर व्यक्तिचित्रकारांची थट्टा करू नये, असा एक अलिखित दंडक आपल्या घराघरांत पाळला जातो. गोमंतकीय चित्रकार आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांचे नाव उच्चारले की लगोलग 'पूर्वेचे रेम्ब्रां' ही पदवी जोडावयाची आणि पुढे मौन धारण करावयाचे! एखाद्या व्यंगचित्रकाराने त्यांचे नाक चार बोटे लांबविले, तर तो अपमान ठरावयाचा. हा दंडक मला मुळीच मान्य नाही.

ही थट्टा मुळात कलावंतांच्याच घरात जन्मली. 'कॅरिकेचर' हा शब्द ज्या इटालियन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ 'भार लादणे'. संत पेत्राच्या महामंदिरासमोरील स्तंभावली रचणारा बर्निनी हा आपल्या काळचा अग्रगण्य व्यक्तिशिल्पकार. त्यानेच परमगुरू अकरावे इनोसंट यांचे, उंच टोपी घालून बिछान्यात पडलेल्या किडकिडीत देहाचे, व्यंगचित्र मोजक्या रेषांत काढले. १९५६ साली त्याच पोपमहोदयांना 'धन्य' घोषित करण्यात आले. त्या रेषांनी त्यांच्या पावित्र्यावर ओरखडाही उमटला नाही. मग चित्रकारांनाच एवढे सोवळे कशाला?

मानधन मोजणाऱ्या गृहस्थाचे पोट किंचित आत घ्यावे, कपाळावरची आठी पुसावी, हा व्यक्तिचित्रकाराच्या व्यवसायाचा जुना मोह आहे. ज्या जे. जे. कलाशाळेत त्रिंदाद शिकले, तेथूनच १९४५ साली काढून टाकलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझाने कोट-टायवाल्या सभ्य गृहस्थांचे डोळे थेट कपाळावर चढविले. ते उद्धट होते खरे. परंतु प्रतिष्ठेचा मुलामा त्यामुळेच खरवडला गेला.

कोणी म्हणेल, आता हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत बसलेला कोणीही क्षणात चेहरा वेडावाकडा करतो. त्यात कसली कला? बरोबर आहे. यंत्र न पाहताच वाकविते. व्यंगचित्रकाराला मात्र आधी नीट पाहावे लागते आणि आपण भक्तांनी नेमके तेच सोडून दिले आहे. 'रेम्ब्रां' ही उसनी पगडी चढविल्यावर, पत्नी फ्लोरेंतीनाची चित्रे जिव्हाळ्याने रंगविणारा त्रिंदाद आपल्याला दिसतच नाही. ती पगडी डोळ्यांवर घसरलेले त्यांचे एखादे व्यंगचित्र कोणी काढलेच, तर हे अंक चाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी रागावू नये. मुलांना घेऊन पणजीच्या फुन्दासांव ओरिएंतमध्ये जावे आणि त्रिंदादांची मूळ चित्रे पाहावीत. त्यांचा खरा सन्मान तेथे होईल.