पितळेच्या विटा

दिवाळीच्या सुटीत नातू आला की त्याच्याबरोबर एखादी 'बघितलीच पाहिजे' अशी मालिका येते. या खेपेस 'मनी हाइस्ट' आली. "आजोबा, बँकेवरचा दरोडा आहे. तुम्ही तर बँकेतलेच!" तो म्हणाला. जणू दरोडा हा आमच्या शाखेतला एक विभागच होता!

ही मालिका मूळची स्पेनची. २०१७ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि मधल्या काळात जगभर गाजली. सुरुवात मला आवडली, हे कबूल करतो. टांकसाळीत शिरायचे, पण असलेल्या नोटा पळवायच्या नाहीत, आपल्याच नोटा छापून घ्यायच्या! कल्पना झकास. पुढे मात्र ही टोळी बँक ऑफ स्पेनमधल्या सोन्यावर गेली आणि माझ्यातला जुना अधिकारी खुर्चीत अस्वस्थ होऊ लागला.

सोने किती, तर ९० टन. सोन्याची प्रमाणित वीट सुमारे साडेबारा किलोची. म्हणजे ७,२०० विटा. मिनिटाला एक उचलली तरी १२० तास लागतील. हे सगळे सोने आतच वितळवून, त्याचे दाणे करून नळातून बाहेर सोडायचे! सोने वितळते १,०६४ अंशांना. आमच्या जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत. भट्टीला वीज किती लागते, पाणी किती लागते आणि पाळीअखेर माणसाचे काय होते, हे तिथला कोणताही कामगार सांगेल. पडद्यावरची मंडळी गोळ्या झेलत, भांडत, प्रेमात पडत हे काम उरकतात.

नातू म्हणाला, "गोष्ट आहे हो ती!" मान्य. आमच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार वाचला, काळापहाड वाचला. तिथे आम्ही कुठे हिशेब मागितला? पण झुंझारने कधी गणिताचा आव आणला नाही. इथला 'प्रोफेसर' सांगतो की सगळे आधीच मोजून ठेवले आहे; आणि दर भागात त्याला सोडवतो तो योगायोग. माझ्याही कादंबऱ्यांत योगायोग आहेत. पण योगायोगाने पात्राला खड्ड्यात ढकलावे; बाहेर त्याचे त्याने यावे. एवढे पथ्य लेखकाने पाळायला हवे.

खरे दरोडे फार साधे असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला बँकेजवळचे दुकान भाड्याने घेऊन चोरांनी भुयार खणले आणि शनिवार-रविवारच्या सुटीत ३० लॉकर फोडले. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये केरळात चेलेंब्रा इथे बँकेखालचे हॉटेल भाड्याने घेऊन, छत फोडून, ८० किलो सोने नेले. ती युक्ती 'धूम' या हिंदी सिनेमावरून सुचली होती. आणि आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या शहागडला, ऑक्टोबर २०२१ मध्ये दिवाळीच्या तोंडावर भरदिवसा पिस्तूल दाखवून एका पतसंस्थेतले तारण सोने लुटले गेले. ना मुखवटे, ना संगीत.

माझी खरी तक्रार इथे आहे. मालिकेतले सोने कुणाचेच नसते. ते 'सरकारचे' असते, म्हणून लुटारू नायक होतात आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्या नावाने जयघोष करतात. आमच्या तिजोरीतले सोने असे नव्हते. मृगाच्या आधी बायका यायच्या. पदराच्या गाठीतून पोत निघायची, क्वचित बोरमाळ. सराफ कसोटीवर घासून वजन सांगायचा, पुडी बांधून लाखेने मोहोर व्हायची, त्यावर सह्या. तिजोरीच्या किल्ल्या दोन, त्या दोघांकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. कापूस हाती आला की पोत सुटायची. पाऊस रुसला की मुदत वाढवून मागायला नवरा एकटाच यायचा. एकदा एका बाईने सही करण्याआधी विचारले होते, "साहेब, माझीच पोत परत मिळंल ना? दुसरी नको." तिला किंमत नको होती, तीच वस्तू हवी होती. विम्याच्या रकमेतून ती कशी भरून येणार?

लॉकरमधला माल गेला तर बँक फार काळ हात वर करीत असे. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीपायी नुकसान झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी बँकेवर आली आहे. सुधारणा चांगलीच; पण आजीच्या पाटल्या त्यातून परत येत नाहीत.

मालिकेचा शेवट मात्र मनात राहिला. प्रोफेसर सरकारला सोने 'परत' करतो. विटा आल्याची बातमी फुटते आणि कोसळलेला बाजार सावरतो. मग कळते की विटा पितळेच्या आहेत, वर सोन्याचा मुलामा! तरी सरकार गप्प बसते. नातू टाळ्या वाजवू लागला. मी गप्प होतो, कारण एवढे एकच खरे होते. बँक चालते ती विश्वासावर. फक्त मालिका म्हणते, विश्वास असला की पितळ चालते. आणि आम्ही नोकरीभर मानले, विश्वास आहे म्हणूनच पितळ चालणार नाही.

'जालना सोने का पालना' असे जुनी माणसे म्हणतात. त्या बाईची पोत मी सुगीनंतर तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली, मण्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "माझीच हाय." नातवाला ही गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "मग पुढे काय झालं?" म्हटले, "काही नाही. हाच शेवट."