कल्पना कामगाराची, मालकी कुणाची?

अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि मालेगाव-कारंजा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे शेलूबाजार वसले आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या पोत्यांवर येथील व्यवहार चालतो. ही पोती उचलणारा हमाल, तोलणारा मापाडी, चौकातून एसटी नेणारे चालक-वाहक, सेवा सोसायटीचा गटसचिव ही सारी माणसे कोणत्या ना कोणत्या प्रस्थापित संस्थेशी बांधलेली आहेत. कोणत्या वारी गाडी भरते आणि कोणत्या वारी रिकामी धावते, हे वाहकाला ठाऊक असते. मालाची नासाडी नेमकी कोठे होते, हे हमालाला दिसते. पण वरच्या कार्यालयात आराखडे तयार होतात तेव्हा यांपैकी कोणालाही विचारले जात नाही. या अनुभवसिद्ध ज्ञानाचा उपयोग कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर करावयाचा, हा प्रश्न आता कामगार चळवळीने हाती घेतला पाहिजे.

तो अन्य लोकांनी आधीच हाती घेतला आहे. नोकरीत राहूनच कर्मचाऱ्याने उद्योजकाप्रमाणे नवी वस्तू, नवी सेवा, नवा बाजार शोधावा, ही शिकवण व्यवस्थापनशास्त्रात गेली चार दशके दिली जात आहे. अमेरिकेत गिफर्ड व एलिझाबेथ पिंचॉट या दांपत्याने १९७८ मध्ये या कल्पनेला नाव दिले आणि १९८५ च्या पुस्तकाने तिचा प्रसार झाला. ‘थ्री एम’ कंपनीचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तेथील स्पेन्सर सिल्व्हर या रसायनतज्ज्ञाला १९६८ मध्ये एक कच्चा चिकटणारा गोंद सापडला. आर्ट फ्राय या सहकाऱ्याने त्याचा कागदी खुणांसाठी उपयोग सुचविला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेल्या त्या चिठ्ठ्या पुढे जगभर पसरल्या. कर्मचाऱ्याला स्वतःच्या कल्पनेसाठी कामाच्या वेळेतला काही भाग मोकळा ठेवण्याची त्या कंपनीची प्रथा होती. तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. श्रमिकाला हातांबरोबर डोकेही असते, हे भांडवलदारी व्यवस्थापनाला मान्य करावे लागले, हा तिचा अर्थ आहे.

परंतु या शिकवणीत एक मौन आहे. उद्योजक व्हा असे सांगणारे, उद्योजकाला मिळणाऱ्या वाट्याविषयी बोलत नाहीत. जपानच्या शुजी नाकामुरा यांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. निचिया या कंपनीत नोकरीला असताना वरिष्ठांचा विरोध सोसून त्यांनी प्रखर निळ्या प्रकाशाचा दिवा शक्य करून दाखविला. आज घरोघरी लागणारे पांढरे एलईडी दिवे या संशोधनामुळे शक्य झाले. कंपनीने त्यांना बक्षीस दिले वीस हजार येन. त्यांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००४ मध्ये वीस अब्ज येन देण्याचा आदेश दिला. अपिलात २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ मध्ये नाकामुरांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते न्यायालयात जाऊ शकले, कारण नोकरदार संशोधकाला योग्य मोबदला मागण्याचा हक्क जपानच्या कायद्याने दिला होता. जर्मनीत तर १९५७ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या मोबदल्याची अशी तरतूद नाही. येथे सारे काही नेमणूकपत्रातल्या अटींवर सोडलेले आहे आणि त्या अटी कोण लिहितो, हे सांगण्याची गरज नाही.

सार्वजनिक क्षेत्रातही चित्र फारसे वेगळे नाही. २०२० च्या टाळेबंदीत एसटीची प्रवासी वाहतूक थांबली, तेव्हा महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करून मालवाहतूक सुरू केली. आसने काढून गाडी मालासाठी सिद्ध करण्याचे काम महामंडळाच्याच कार्यशाळांतील कामगारांनी केले आणि प्रवासी नेणाऱ्या चालकांनी माल नेला. संस्थेच्या आतून उभ्या राहिलेल्या उद्यमशीलतेचा याहून चांगला दाखला महाराष्ट्रात शोधावा लागेल. त्यानंतर दीड वर्ष लोटते न लोटते तोच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तेच कामगार शासनात विलीनीकरणाची मागणी घेऊन संपावर गेले. हजारोंच्या हाती निलंबनाचे आणि बडतर्फीचे आदेश पडले. एप्रिल २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, कामगार कामावर परतले. अडचणीच्या वेळी कामगाराचे कसब हवे आणि निर्णयाच्या वेळी त्याचा आवाज नको, ही रीत खाजगी मालकाला शोभत असेल, पण लोकांच्या संस्थेला ती शोभत नाही.

मात्र दोष केवळ व्यवस्थापनाकडे दाखवून चळवळीला मोकळे होता येणार नाही. पगार, महागाई भत्ता, बोनस आणि बडतर्फी यांच्यापलीकडे आपल्या युनियनची दृष्टी क्वचितच गेली. उत्पादन काय करावे, कोणासाठी करावे, हा मालकाचा प्रश्न आहे, असे आपणही मानत आलो. ब्रिटनमधील लुकास एरोस्पेस कंपनीच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये ही चौकट मोडली. नोकरकपातीच्या धमकीला त्यांनी पर्यायी योजनेने उत्तर दिले. शस्त्रास्त्रांऐवजी वैद्यकीय उपकरणे, ऊर्जा वाचविणारी यंत्रे, रस्त्यावर आणि रुळांवर चालणारे वाहन अशा सुमारे दीडशे समाजोपयोगी वस्तू त्यांनी सुचविल्या. कंपनीने योजना नाकारली आणि तिचे एक प्रणेते माइक कूली यांना १९८१ मध्ये कामावरून दूर केले. महाराष्ट्रात कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज बंद पडल्यावर तिच्या कामगारांनी स्वतःच्या बचतीतून भाग घेऊन कारखाना चालविण्याची सिद्धता दाखविली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या योजनेचा मार्ग मोकळा केला. काही वर्षे चांगली गेली, पुढे उतरती कळा लागली. पण मालक कारखाना बुडवतो तेव्हा कामगार तो उचलून धरू शकतो, एवढे त्याने सिद्ध केले.

हे सारे मोठ्या कारखान्यांचे आहे, शेलूबाजारच्या हमालाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. पुण्याच्या हमाल पंचायतीने याचे उत्तर पन्नासएक वर्षांपूर्वीच दिले आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली, हमालीच्या दराबरोबरच हमालाच्या पोटाचा प्रश्न संघटनेने आपला मानला आणि त्यातून ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त अन्नाची केंद्रे उभी राहिली. लढा आणि रचना यांची सांगड म्हणतात ती हीच.

शेलूबाजारजवळून आज समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे. ज्या मुलखाची शेते कापून रस्ता गेला, त्या मुलखातील शेतकऱ्याचे स्वतःचे वाहन त्यावर चढू शकत नाही. मग येथील लहान शेतकऱ्याचा माल नागपूर-मुंबईच्या बाजारात स्वस्तात नेण्याची योजना कोण आखणार? ती आखण्याची पात्रता एसटीच्या चालकांत, बाजाराच्या हमाल-मापाड्यांत आणि सोसायटीच्या कर्मचाऱ्यांत आहे. त्यांना एकत्र बसविण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

त्यासोबत तीन मागण्या नेटाने पुढे रेटल्या पाहिजेत. कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून संस्थेला लाभ झाल्यास त्यात त्याचा वाटा कायद्याने ठरावा. नवे काही करून पाहण्यासाठी त्याला कामाच्या वेळेतलाच वेळ मिळावा आणि प्रयोग फसल्यास त्याची नोकरी सुरक्षित राहावी. आणि प्रत्येक सार्वजनिक व सहकारी संस्थेच्या निर्णयमंडळावर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी बसावेत. यात अतिरेकी काही नाही. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले त्रेचाळीस-अ हे कलम सांगते. त्यासाठी १९९० मध्ये संसदेत विधेयकही मांडले गेले, पण त्याचा कायदा कधीच झाला नाही. घटनेतील ते वचन कागदावरून खाली उतरवावयाचे असेल, तर सुरुवात दिल्लीहून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शेलूबाजारच्या चौकातूनही ती होऊ शकते.