लीद उचलायला पैसे भरले नाहीत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि आज जरा रागात बसले आहे, तेव्हा सांभाळून घ्या. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी दोघा-तिघांना माझा राग येईल. येऊ दे. सदतीस वर्षं शाळेत पालकांचे राग झेलले, आता घरचे झेलते.

गोष्ट अशी. आमची नात दोन वर्षं उन्हाळ्यात मुलींच्या घोडेस्वारी शिबिराला जाते. नाशिकच्या पलीकडे, पंधरा दिवस, निवासी. खासगी शिबिर आहे, नाव सांगत नाही. यंदा तिथे एक मुलगी घोडीवरून पडली आणि तिचा हात मोडला. त्यावर पालकांनी एक अर्ज तयार केला आहे. तबेल्यातल्या मोतद्दाराला काढून टाका आणि 'बिजली' ही नाठाळ घोडी शिबिरातून हलवा, अशा दोन मागण्या. खाली वीस-बावीस सह्या. तिसरी सही माझ्या मुलाची. कागद माझ्याकडेही आला, कारण मागच्या वर्षी मुलींच्या सोबतीला कुणी वयस्कर बाई हवी म्हणून मी ते पंधरा दिवस तिथे राहिले होते, आणि 'बाईंची सही असली की वजन पडेल' असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मी सही केलेली नाही, करणारही नाही. का नाही, ते फोनवर चार-चारदा सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहिते.

आधी मागच्या वर्षीचा दिवस कसा असायचा ते सांगते.

पहाटे साडेचारला शिट्टी. पाचला सगळ्या तबेल्यात, डोळ्यांत झोप, वेण्या अर्धवट. दोघींत एक घोडा वाटून दिलेला. पहिलं काम पाणी. उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, आणि ते बादलीनं आणायचं म्हणजे काय, हे नळ सोडून दात घासणाऱ्या पोरींना दुसऱ्या दिवशीच कळलं. मग खरारा. मानेपासून सुरू करून मागच्या पायापर्यंत यायचं, आणि मागे जाताना एक हात घोड्याच्या अंगावर ठेवून, तोंडानं बोलत जायचं. कारण घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी शेपटीमागचं दिसत नाही, आणि न दिसलेल्या माणसाला तो लाथ मारतो. मग एकेक पाय उचलून खुरात अडकलेले खडे आणि माती काढायची. मग खोगीर, मग तंग, मग डाव्या बाजूनं रिकिबीत पाय. सहा ते आठ स्वारी, ऊन चढायच्या आत. पहिले चार दिवस नुसता कदम, मग दुडकी. दुडकीला उठबस जमेपर्यंत पोरी रात्री पालथ्या झोपायच्या!

उतरल्यावरही सुटका नाही. घोडा घामाघूम असेल तर त्याला हातात धरून सावकाश फिरवायचं, अंग गार पडेपर्यंत. दाणा त्यानंतर. दाणा खाल्ल्या खाल्ल्या घोड्याला पळवायचं नाही, कारण घोड्याला ओकता येत नाही. पोटात दुखायला लागलं की ते त्याच्या जिवावर बेततं. तोबरे चढले की मग लीद. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. ती पाटीत भरायची, उकिरड्यावर न्यायची, ओलं गवत बदलायचं. आणि हे सगळं झाल्यावर, नऊ-सव्वानऊला, मुलींचे पोहे. आधी घोड्याचं, मग आपलं, असा तिथला नियमच होता. दुपारी झोप, संध्याकाळी पाचला परत हेच.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नाकाला ओढण्या. चौथ्या दिवशी एक आठवीतली मुलगी पाटीत वाकून बघत मला सांगते, "आजी, आज हिची लीद कोरडी आहे, पाणी कमी प्यायली असणार." मी शाळेत इतकी वर्षं निरीक्षण, अनुमान असं फळ्यावर लिहिलं, ते या पोरीनं लिदीवरून करून दाखवलं.

हे सगळं त्यांना शिकवलं कुणी? प्रशिक्षक होते, निवृत्त घोडदळवाले, रिंगणात मधोमध उभे राहून ओरडायचे. पण तबेल्यातलं सगळं शिकवलं ते मोतद्दारानं आणि त्याच्या मुलीनं. मुलगी बारा-तेरा वर्षांची. बाप म्हणेल ते तिच्या हातांना आधीच माहीत असायचं. बिजली तंग कसताना पोट फुगवते, हे तिनंच दाखवलं. कसेपर्यंत श्वास रोखून धरते आणि दहा पावलं चालली की सोडते, की तंग झाला ढिला! म्हणून चढायच्या आधी, आणि थोडं चालवल्यावर पुन्हा, तंगाखाली दोन बोटं घालून बघायचं. पुष्कळ घोडी हे करतात. त्यात नाठाळपणा काही नाही, घट्ट पट्टा मला तरी कुठे आवडतो? मुली तिला 'दीदी' म्हणत, त्यांच्याहून लहान असून. आणि संध्याकाळच्या तुकडीत तीही घोड्यावर बसायची. तिच्याकडून कुणी फी मागितली नव्हती, कारण ती शिकवत होती.

शिबिर संपलं आणि पालकांचा गट तापला. 'आम्ही स्वारीचे पैसे भरले, लीद उचलायला नाही.' 'जंतुसंसर्ग झाला तर जबाबदार कोण?' 'मुलांच्या शिबिरात हे करून घेतात का?' (घेत नसतील तर त्यांनीही घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.) एका दूरच्या वहिनींनी तर, मुलीच्या जातीला घोड्यावर बसवल्यानं पुढे त्रास होतो, हे पन्नास वर्षांपूर्वीचं पुराण काढलं. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संयोजक बिचारे धंदा करणारे. यंदा त्यांनी वेळापत्रक बदललं. सहाला मुली तयार होऊन येणार, घोडे खोगीर घालून उभे असणार. चाळीस मिनिटं स्वारी, उतरायचं, लगाम मोतद्दाराच्या हातात द्यायचा, फोटो, नाश्ता. उरलेल्या वेळात व्यक्तिमत्त्व विकास, पोहणे आणि झुंबा. शेवटच्या दिवशी नऊवारी, फेटा, हातात पत्र्याची तलवार. मोतद्दाराची मुलगी यंदाही होती. पाणी, खरारा, लीद, सगळं आता त्या बापलेकीवर. घोड्यावर मात्र ती बसायची नाही, कारण ती शिबिरार्थी नाही आणि आता शिकवणारीही नाही. मधल्या रविवारी मी गेले होते तेव्हा पाट्या वाहताना दिसली. एकाही मुलीला तिचं नाव माहीत नव्हतं, आमची सोडून.

आता अपघात. अठरा घोडे अर्ध्या तासात एका माणसानं तयार करायचे. बिजलीनं नेहमीप्रमाणे पोट फुगवलं, तंग ढिला राहिला. वर बसलेली मुलगी यंदा पहिल्यांदाच आलेली. दुडकीला खोगीर फिरलं, ती खाली आली, मनगट मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. खोगीर पोटाखाली लोंबत असताना घोडी दोन उड्या मारून जागच्या जागी थांबली. दुसरी एखादी तिला तुडवून गेली असती. आमची नात मागेच होती. घरी आल्यावर दोन दिवस गप्प होती, मग म्हणाली, "आजी, तिनं तंग बघितलाच नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, पण मीपण नाही सांगितलं."

नववीतली पोर स्वतःला दोष देते आहे, आणि शहाणी माणसं मोतद्दाराला काढायला निघाली आहेत. त्या मुलीच्या आईचा जीव कसा झाला असेल ते मला कळतं; तिनं अर्ज केला असता तर मी गप्प बसले असते. तिची सही त्या कागदावर नाही, हे बाकीच्यांनी बघावं. मागच्या वर्षी ज्यांनी तो तबेल्यातला तास बंद करायला लावला, त्यांच्याच सह्या त्यावर आहेत. मोतद्दाराच्या हाताखाली छत्तीस हात होते ते यांनी काढून घेतले, आणि आता त्याला विचारतात, तू एकटा कमी का पडलास?

सूनबाईंनी मात्र एक प्रश्न विचारला, तो मला लागला. ती म्हणाली, "आई, पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच शेण काढलं. तुम्हीही काढलंत. आता मुलीनं पैसे भरून तेच करायचं का?"

काढलं, खरं आहे. माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, आमच्या घरचा टांगा होता. वडील पिंपळगावहून निफाड स्टेशनची उतारू ने-आण करत. घोडी लाल रंगाची, कपाळावर चांद. तिची लीद मी काढायची, विहिरीचं पाणी मी शेंदायची, सुट्टीत बांधावरचं गवत मी कापून आणायची. नालबंद आला की तिचं डोकं धरून मी उभी राहायची, कारण माझ्याजवळ ती शांत असे. आणि तिला धुवायला न्यायची वेळ आली की तिच्या उघड्या पाठीवर बसून जायचा माझा भाऊ, ज्यानं कधी पाटी उचलली नाही. एकदा, दहा-अकरा वर्षांची असेन, दुपारी सगळे झोपलेले बघून मी बसले. पन्नास पावलं गेले असेन. आईनं पाहिलं आणि जो मार दिला... असो. त्यानंतर आयुष्यात मी घोड्यावर बसले नाही.

म्हणून सूनबाईला माझं उत्तर असं आहे. माझ्या वाट्याला लीद आली आणि पाठ आली नाही, हा अन्याय होता. तो दूर करायचा तर मुलीला पाठ द्यायची, लीद दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या डोक्यावर नाही ठेवायची. आज त्या तबेल्यात साठ वर्षांपूर्वीची मी पाटी घेऊन उभी आहे, आणि माझ्या भावाच्या जागी आपल्या पोरी बसल्या आहेत. एवढाच बदल. मुलींची प्रगती म्हणून याचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो आहोत!

आणि ज्या झाशीच्या राणीचा फेटा बांधून हे फोटो निघतात, तिच्याबद्दल थोडं वाचा तरी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणीच्या स्वारीइतकंच तिच्या अश्वपरीक्षेचं कौतुक आहे. घोडा बघून त्याचा गुण-दोष सांगणारी म्हणून तिचं नाव होतं. ही पारख घोड्याजवळ राहून येते, तयार खोगिरावर चाळीस मिनिटं बसून येत नाही.

आपल्या जिल्ह्यात डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं, तेव्हा मैदानावर घोडी होती ती मुलांसाठी. पुण्याजवळ कासार अंबोलीला मुलींची सैनिकी शाळा निघायला १९९७ साल उजाडलं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला २०२२ साली, तोही सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावर. २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ऑलिंपिकमध्ये तर घोडेस्वारीत बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात, वेगवेगळे गट नाहीत. चार-पाचशे किलोच्या जनावरापुढे मनगटाच्या जोरानं पुरुषही जिंकत नाही, म्हणून. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत आपल्याला घोडेस्वारीचं सुवर्ण ४१ वर्षांनी मिळालं, त्या चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. हीच बातमी पाठवून माझ्या मुलानं मला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, "आई, हिला पाठवू या का शिबिराला?" मीच हो म्हटलं होतं. तेव्हा घोडेस्वारी नको असं म्हणणारी मी नाही, हे लक्षात घ्या.

त्या अर्जाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी संयोजकांना माझं पत्र लिहिलं आहे. तबेल्यातला सकाळचा तास परत सुरू करा. मोतद्दाराला अजून एक माणूस द्या. त्याच्या मुलीला शिबिरात घ्या, आणि तिची फी लागत असेल तर माझ्या पेन्शनमधून घ्या. बिजलीला कुठेही पाठवू नका. खाली सही केली, आणि नातीनंही केली, तिच्या आईला विचारून. आईनं नाही म्हटलं नाही.

मुलगा कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. जेवताना ताटाकडे बघत होता. पाकिटावरचा पत्ता मात्र त्याच्याचकडून लिहून घेणार आहे, माझं अक्षर आता थरथरतं.