पाटीपूजा आणि हत्यारपूजा

२० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा छापून आला. शर्यतीची मोटार ही सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या शिल्पाहून सुंदर असते, ही त्यातील घोषणा आधुनिकतावादाच्या अभ्यासात हमखास भेटते आणि आपले विद्यार्थी तिच्यावर टीपही लिहितात. त्या जाहीरनाम्याच्या आरंभी एक कथाभाग आहे. त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मारिनेत्तीची मोटार चिखलाने भरलेल्या चरात उलटते. जमलेले कोळी तिला बाहेर ओढून काढतात. ती मेली असे सर्वांना वाटते. पण मारिनेत्तीने प्रेमाने हात फिरवताच ती पुन्हा धावू लागते. आता, चिखलपाण्यात बुडालेले इंजिन हात फिरवून सुरू होत नाही. त्याचे प्लग काढून पुसावे लागतात, कार्ब्युरेटर उघडून धुवावा लागतो, ऑइल बदलावे लागते. हे सारे कोणी केले, याविषयी जाहीरनामा मौन पाळतो.

हे मौन एकट्या मारिनेत्तीचे नाही, असे आम्हांस वाटते. विसाव्या शतकातील साहित्याने मोटारीकडे पाहिले ते बहुधा आसनावर बसून, नाहीतर प्रदर्शनाच्या दालनात उभे राहून. तिच्याखाली आडवे पडून क्वचितच पाहिले. त्यामुळे गाडी हौसेने उघडणारा, तिच्यात फेरफार करणारा, ती शर्यतीत उतरवणारा माणूस साहित्याच्या अभ्यासकाला एकतर दिसत नाही किंवा दिसलाच तर उडाणटप्पू म्हणून दिसतो. आमचे प्रतिपादन असे की, तो एक प्रकारचा वाचक आहे. त्याच्या वाचनाची चिकित्सा व्हावी, कठोरपणे व्हावी, पण चिकित्सेच्या आधीच हेटाळणी होऊ नये.

रोलाँ बार्थचे उदाहरण घेऊ. ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहात सित्रोएनच्या डीएस या मोटारीवर त्याचा एक छोटा निबंध आहे. आजची मोटार म्हणजे गॉथिक कॅथीड्रलचा अवतार, हे त्यातील विधान प्रसिद्धच आहे. पण त्याहून मार्मिक आहे ते त्याचे सांध्यांविषयीचे निरीक्षण. या गाडीचे भाग एकमेकांना जोडलेले आहेत असे वाटतच नाही, याचे त्याला नवल वाटते आणि ख्रिस्ताच्या बिनशिवणीच्या वस्त्राची आठवण होते. सांधा दिसेनासा झाला की श्रम दिसेनासे होतात आणि वस्तू आकाशातून पडल्यासारखी भासू लागते. बार्थने हे अचूक हेरले. मात्र सांधा जेथे आहे तेथे पाना लावून तो उघडणारा माणूस त्याच्या निबंधात नाही. तेथे आहेत ते दालनात गाडीला हात लावून पाहणारे प्रेक्षक.

आपल्याकडे काय झाले? मर्ढेकरांच्या कवितेत यंत्र आले, ते युगाचे चिन्ह होऊन आले. नारायण सुर्व्यांच्या कवितेत यंत्रापाशी उभा असलेला कामगार आला, आणि मराठी कवितेचा परीघ त्याने कायमचा रुंदावला. परंतु यंत्राशी खेळणारा, त्याच्याशी हुज्जत घालणारा, कारखान्याने जसे दिले तसे न स्वीकारणारा माणूस मराठी साहित्याच्या मध्यभागी आलेला आम्हांस दिसत नाही. याचे एक कारण उघड आहे. हात आणि डोके यांची फारकत आपल्या समाजाने केवळ कामाच्या सोयीसाठी केली नाही. तिला जातीची उतरंड चिकटलेली आहे. खंडेनवमीला गॅरेजात पाने, पक्कडी, जॅक धुऊनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. दुसऱ्या दिवशी घरोघरी पाटीपूजन होते. दोन्ही पूजा ज्ञानाच्याच साधनांच्या. पण त्यांतील एका ज्ञानाला आपण विद्या म्हणतो आणि दुसऱ्याला कसब. विद्येची समीक्षा होते, कसबाची नुसती मजुरी ठरते.

या फारकतीवर नेमके बोट ठेवणारे एक पुस्तक १९७४ साली निघाले: रॉबर्ट पिर्सिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. त्यातील एक प्रसंग साहित्याच्या वर्गात अवश्य चर्चिला जावा. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यू मोटारसायकलचे हँडल सैल झाले आहे. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घातली की काम होईल. पत्रा ॲल्युमिनिअमचा, मऊ, न गंजणारा. या कामाला याहून चांगला जिन्नस नाही. मित्राला हा अपमान वाटतो. त्याला पत्र्याच्या जागी बिअरचा डबा दिसतो. निवेदकाला डब्याच्या जागी पत्रा दिसतो. वस्तू एकच, वाचने दोन. एक वाचन नावावर थांबते, दुसरे गुणधर्मापर्यंत जाते. हौशी कारागिराचे सारे काम या दुसऱ्या वाचनावर चालते.

हे वाचन किती दूर जाऊ शकते, याचा दाखला न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल गावच्या बर्ट मन्‍रोने दिला. १९२० साली त्याने ‘इंडियन स्काउट’ नावाची अमेरिकन मोटारसायकल घेतली. मूळची ६०० सीसीची ही गाडी ताशी सुमारे ९० किलोमीटर धावत असे. मन्‍रो पुढची अनेक दशके तीच गाडी सुधारत राहिला. पिस्टन त्याने स्वतः साचे करून ओतले. इंजिन वाढवत ९५० सीसीपर्यंत नेले. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने १००० सीसीखालच्या गटात ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती. तुटलेले, वितळलेले, फुटलेले भाग तो तिच्यावर मांडून ठेवी आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. ती फळी आम्हांस लेखकाच्या खोडलेल्या हस्तलिखितासारखी वाटते. प्रत्येक तुटका पिस्टन म्हणजे फसलेला एक मसुदा, आणि तो कोठे फसला हे धातूवर लिहिलेले.

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. आपल्याकडे गाडीतील फेरफार म्हटले की प्रथम आठवतो तो सायलेन्सर. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे, आणि आजारी माणसाच्या वा निजलेल्या तान्ह्या मुलाच्या घरावरून तो आवाज ज्यांनी सोसला आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु सायलेन्सर ही आवाज करण्याची वा दाबण्याची नळी नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर एक दाबलहर निघते. नळीचा आकार आधी रुंदावत आणि मग निमुळता होत गेला, तर ती लहर योग्य क्षणी परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे इंधनमिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर सिद्धीस नेले. १९६१ साली त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ते ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेले. पुढच्याच वर्षी डेग्नरने सुझुकीवरून ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. एका नळीच्या आकारात एवढा इतिहास आहे. आपल्याकडे जुन्या आरएक्स १०० वर जीव टाकणाऱ्या आणि तिची नळी मोजून-मापून घडवणाऱ्या कारागिराला हे पदवीशिवाय उमगलेले असते. उलट, बाजारातून आयता भोंगा आणून लावणाऱ्याला, किंवा सायलेन्सरमधली जाळी काढून फेकणाऱ्याला काहीच उमगलेले नसते. पुष्कळदा त्याची गाडी आवाजाने वाढते आणि ओढीने घटते. या दोघांत फरक करणे हेच तर समीक्षेचे काम. रोडरोलरला तो फरक करता येत नाही, आणि आपणही तो करण्याचे टाळत आलो आहोत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कवितेचे चुकीचे वाचन केल्याने कोणी मरत नाही. ब्रेकचे चुकीचे वाचन केल्याने मरतो. १९५५ साली ल माँच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. ती तर जगातील उत्तम अभियंत्यांची गाडी होती. तेव्हा फेरफाराचे स्वातंत्र्य निरंकुश असावे, असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या वैशिष्ट्यांहून गाडी वेगळी करता येणार नाही, असा निर्णय दिला. गॅसचे किट बसवणे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेणे अशा सोयी कायद्यात आहेत. रस्त्यापुरता हा निर्बंध समजण्याजोगा आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: रस्ता नाही, तर मग कोठे?

या प्रश्नाचे उत्तर इतरांनी शोधले आहे. कॅलिफोर्नियात १९३०च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून, त्यांची इंजिने वाढवून तरुण मंडळी कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या पात्रांत शर्यती लावत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना केली आणि नियम ठरवले. युद्धानंतर रस्त्यांवरच्या शर्यतींविरुद्ध ओरड झाली, तेव्हा वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली आणि शर्यत रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर नेण्यात आली. धावपट्टीवर उतरण्याआधी गाडीची तपासणी होऊ लागली. नियमांच्या चौकटीतील शर्यतीची गाडी ही रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मोकळी असते असा आपला समज असतो. वस्तुतः तिचा पट्टा, तिचा पिंजरा, तिची इंधनटाकी हे सारे व्याकरणाच्या काटेकोर नियमांत बसवावे लागते. वृत्तात लिहिणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतातही अशी जागा होती. चेन्नईजवळच्या शोलावरमची महायुद्धकाळातील धावपट्टी पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यतींचे ठिकाण झाली. हा क्लब १९५३ सालचा. तेथे हौशी मंडळी घरच्या गाड्या सुधारून आणीत. याच परंपरेत कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चे इंजिन घेऊन एका आसनाची ‘फॉर्म्युला मारुती’ बनवली. सामान्य कुटुंबाची गाडी हेच तिचे मूळ. १९९५ साली करिवर्धन विमान अपघातात गेले. पण ज्या नरेन कार्तिकेयनने फॉर्म्युला मारुतीवर शर्यतीचे पहिले धडे घेतले, तो २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. याच्या उलट दुसरे चित्र पाहावे. ग्रेटर नॉइडाला भव्य मार्ग बांधून २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत भरवली गेली. ही शर्यत खेळ की करमणूक, या कराच्या वादाने तिला घेरले आणि शर्यत थांबली. शोलावरमला लोक गाडी घेऊन जात. नॉइडाला तिकीट घेऊन गेले. हा फरक लेखक आणि ग्राहक यांच्यातला आहे. आपण प्रेक्षागार बांधले, तालीम बांधली नाही.

आणि आता दुसऱ्या बाजूनेही दार लोटले जात आहे. बार्थला दिसलेली बिनशिवणीची गाडी आज शब्दशः अवतरली आहे. इंजिनाचा प्रत्येक श्वास संगणकप्रणाली ठरवते आणि ती प्रणाली कुलूपबंद असते. आपल्या मालकीच्या गाडीतील प्रणाली दुरुस्तीसाठी वा फेरफारासाठी उघडणे हा स्वामित्वहक्काचा भंग मानू नये, अशी सवलत अमेरिकेत २०१५ साली द्यावी लागली. भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. वाचकाने विकत घेतलेले पुस्तक वाचावे, पण समासात टीप लिहू नये, असे कोणी म्हटले तर आपण खवळून उठू. हा प्रश्न त्याच जातीचा आहे. फक्त समासात लिहिणाऱ्यांची बाजू मांडायला तेथे आपल्यापैकी कोणी नाही.

मग साहित्याच्या माणसांनी करावे काय? शर्यतीचे मार्ग बांधणे आपल्या हाती नाही. पण भाषा आपल्या हाती आहे. गॅरेजात एक समर्थ मराठी नांदते आहे. ‘आटे गेले’, ‘टापेट वाजतात’, ‘गाडी मिसिंग करते’, ‘पिस्टन चिकटला’ या वाक्यांत निदान आहे, अनुभव आहे, कानाने केलेले वाचन आहे. तिचा कोश करणे हे एखाद्या मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत सहज साधणारे काम आहे. दरवर्षी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहा आणि फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धांसाठी चौकट वेल्ड करण्यापासून स्वतः गाडी घडवतात, रात्री जागवतात, हरतात आणि पुन्हा घडवतात. त्या अनुभवाचे मराठी गद्य कोठे आहे? ते लिहून घेणे, त्यावर संस्कार करणे, ते छापणे हे शिक्षकांना अवघड नाही. त्याच रस्त्यावर, चार पावलांवर कला महाविद्यालय असते. तेथून कोणीतरी उठून त्या कार्यशाळेत गेले पाहिजे, आणि हाताला ग्रीस लागेल म्हणून दारातूनच परत फिरता कामा नये.