बैलाचा खर्च धरला, मालकाचा नाही



गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुंबईला मानखुर्दला गेलो होतो. काम वेगळेच होते, पण मुक्काम पडला तो आपल्याकडच्याच एका कुटुंबाजवळ. चार एकर कोरडवाहू रान, निम्म्यात कपाशी, निम्म्यात ज्वारी. ऐन पेरणीच्या तोंडावर घरधन्याला कर्करोग निघाला. मेव्हण्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहायचे आणि कुर्ल्याला गाडी बदलून परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, असे चालले होते.

पैसा कसा उभा केला, ते घरच्या बाईंनी सांगितले. सोसायटीचे पीककर्ज तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातल्या तपासण्यांत गेले. बियाणे उधारीवर आणले. दिवाळीत पहिल्या वेचणीचा कापूस घरूनच, व्यापारी देईल त्या भावाने दिला. मग कडबा, मग बैलजोडी, शेवटी दोन एकर जमीन. मुलीची शाळा सुटली. निर्णय एका वर्षातले, फेड जन्मभराची. सरकारी योजनेचे नाव त्यांना कळले ते जमिनीचे खरेदीखत झाल्यावर.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. बोंडअळी किती झाली म्हणजे फवारायचे, त्याआधी पैसा घालायचा नाही, हे गावोगाव सांगत फिरलो. घरात दुखणे आले तर आधी काय विकायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे मात्र आम्ही कधी कुणाला सांगितले नाही. चूक आमचीही आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. 2023 साली शासनाने तिची मर्यादा दीड लाखावरून 5 लाख करायचे ठरवले. योजनेतल्या रुग्णालयात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा कायदा आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण मुंबईतले महिनोन्महिने राहणे आणि बुडालेला हंगाम कोणतीच योजना भरून देत नाही.

तो पैसा पिकातूनच यायला हवा. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना बियाणे, खत, घरची मजुरी, जमिनीचा खंड, बैल पोसण्याचा खर्चही धरतो. बैल हाकणाऱ्याचा दवाखाना त्यात कुठेच नाही. कारखान्यातल्या कामगाराला विमा, सरकारी नोकराला औषधाचे बिल, आपल्याला सातबारा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना रेशनकार्ड आणा. नव्या सुनेचे, नातवंडांचे नाव त्यावर चढले आहे का, ते तिथेच पाहू.

मानखुर्दचे ते कुटुंब जूनमध्ये गावी परतणार होते. उरलेले दोन एकर त्यांनी तोवर खंडाने देऊन टाकले होते.