एका नावाखालची अनेक फुले

करडई, खुरासणी आणि सूर्यफूल या तीन तेलबिया व्यापाऱ्याच्या वहीत तीन निराळ्या पानांवर लिहिल्या जातात. त्यांचे भाव वेगळे आणि तेलाचा वासही वेगळा. एकीच्या पोत्यात दुसरी मिसळली तर तो माल भेसळीचा ठरतो. वनस्पतिशास्त्राच्या वहीत मात्र या तिघींचे कुल एकच आहे. त्याच कुलात गांध्याच्या दुकानातील कडू जिरे आणि अक्कलकारा येतात, केसांच्या तेलातील माका येतो, दसऱ्याचा झेंडू आणि देवपूजेची शेवंतीही येते. याच्या उलट प्रकारही आढळतो. ‘ॲस्टर’ या एका नावाखाली जगभर ओळखली जाणारी शेकडो फुले परस्परांची सख्खी भावंडे नाहीत, हे अभ्यासकांना कळायला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. दिसण्यात भेद असूनही नाते असते आणि दिसण्यात साम्य असूनही नाते नसते, हा या कुलाचा पहिला धडा आहे.

या कुलाला मराठीत सूर्यफूल कुल म्हणतात. त्यात २५,०००हून अधिक जाती आहेत आणि सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांत त्याची गणना होते. त्याची खूण अशी की, ज्याला लोक एक फूल समजतात ते एक फूल नसतेच. तो अनेक लहान फुलांचा दाट गुच्छ असतो. शास्त्रीय मराठीत त्याला स्तबक म्हणतात. मधल्या पिवळ्या चकतीवरील बारीक नळ्या ही बिंब-पुष्पके आणि कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी ती किरण-पुष्पके. त्यातले प्रत्येक पुष्पक हे स्वतंत्र फूल होय. सूर्यफुलाच्या चकतीतील एकेक बी म्हणजे अशा एकेका फुलाचे फळ आहे. शेवंतीची जी एक पाकळी सहज खुडली जाते, तीही वस्तुतः एक संपूर्ण फूल असते.

ही माहिती जैन कुटुंबाच्या दृष्टीने केवळ कुतूहलाची नाही. मूर्तिपूजक परंपरेत पुष्पपूजेचे फूल अखंड ठेवण्याचा दंडक आहे. त्याच्या पाकळ्या खुडू नयेत, त्याला सुईने छेदू नये, असे लहानपणापासून शिकवले जाते. ज्या परंपरांत सचित्त फुले वाहिली जात नाहीत, त्यांच्या मुळाशीही हाच सूक्ष्म जीवविचार आहे. आगमांनी वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले आणि वनस्पतिकायाचे प्रत्येक व साधारण असे दोन भेद केले. श्यामाचार्यांच्या प्रज्ञापना सूत्रात प्रत्येक वनस्पतीचे वृक्ष, गुच्छ, गुल्म, लता, वल्ली, तृण, हरित, औषधी, जलरुह इत्यादी बारा प्रकार सांगितले आहेत. ते वर्गीकरण आणि आजचे वनस्पतिशास्त्र यांची उद्दिष्टे निराळी आहेत. एकाच्या कसोटीने दुसऱ्याला तोलू नये. तरीही एक गोष्ट दोहोंत समान आहे. समोरच्या हिरव्या पसाऱ्याला नुसते ‘गवत’ म्हणून सोडून द्यायला दोन्ही तयार नाहीत.

ॲस्टरची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ तारा. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली वनस्पतींना द्विनामी नावे दिली, तेव्हा भोवती जांभळे, निळे वा पांढरे किरण आणि मध्ये पिवळे बिंब असलेल्या अनेक वनस्पती त्यांनी ॲस्टर या एकाच वंशात ठेवल्या. त्यांत युरोपातील होत्या आणि समुद्रापलीकडील अमेरिकेतून आलेल्याही होत्या. पुढे अमेरिकेच्या कुरणांतून, पाणथळींतून आणि जंगलांच्या कडेने नवनव्या जाती मिळत गेल्या व बहुतेक सर्व याच खात्यात जमा झाल्या. शरद ऋतूत उत्तर अमेरिकेतील माळरान ज्या फुलांनी जांभळे होते, ती सारी ‘ॲस्टर’ ठरली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याची फेरतपासणी झाली. १९९४ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी अमेरिकेतील जातींची वेगवेगळ्या वंशांत पुनर्मांडणी केली. फळांची घडण, स्तबकाखालील हिरव्या छदांची रचना, गुणसूत्रांची संख्या असे पुरावे त्यामागे होते. डीएनएच्या अभ्यासानेही मुख्य निष्कर्षाला दुजोरा दिला. अमेरिकेतील ‘ॲस्टर’ युरोप-आशियातील खऱ्या ॲस्टरचे जवळचे नातलग नव्हते. त्यांची जवळीक अमेरिकेतीलच इतर वनस्पतींशी होती. त्यांतील बहुसंख्य जाती सिंफायोट्रायकम या वंशात गेल्या, काही युरिबिया, डोलिंजेरिया आणि अन्य वंशांत विभागल्या गेल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिकोशाने ही मांडणी स्वीकारली. मूळच्या उत्तर अमेरिकी जातींपैकी ॲस्टर या वंशात उरली ती एकटी आल्प्स पर्वताच्या नावाने ओळखली जाणारी जाती. माळी आणि रोपवाटिकावाले आजही जुनेच नाव वापरतात, आणि व्यवहारात ते चालतेही.

मराठी बाजारातील ॲस्टरची गत तशीच आहे. दादरच्या फुलबाजारात जुड्या बांधून येणारे, गणपतीच्या सजावटीत दिसणारे ॲस्टर हे अमेरिकेचे नव्हे आणि आजच्या शास्त्राप्रमाणे ॲस्टरही नव्हे. ते मूळचे चीनचे. लिनियस यांनी त्याला ॲस्टरच म्हटले होते. पुढे त्याचा कॅलिस्टेफस हा स्वतंत्र वंश झाला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढरे, गुलाबी, जांभळे वाण याच फुलाचे आहेत.

नावाचा हा हिशेब कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरांवर आणला की तो अधिक जवळचा वाटतो. श्रावण सरताना आणि भाद्रपदात माथेरानच्या कड्यांवर, पेठच्या कोथळीगडावर, इर्शाळगडाच्या उतारांवर सोनकीचे पिवळे ताटवे उमलतात. सोनकी याच सूर्यफूल कुलातली, आणि ती मुख्यतः पश्चिम घाट व लगतच्या प्रदेशाचीच रहिवासी. तिचेही शास्त्रीय नाव बदलले आहे. जुन्या ग्रंथांत ती सेनेसियो ग्रॅहमी होती, आता सेनेसियो बॉम्बेयेन्सिस म्हणून ओळखली जाते. सेनेसियो हे नाव वृद्ध पुरुषासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण तिच्या फळांवर पांढऱ्या केसांचा झुबका असतो. वाऱ्यावर तरंगणाऱ्या केसाळ बीला मराठी मुले ‘म्हातारी’ म्हणतात. दोन दूरच्या भाषांना एकच उपमा सुचावी, ही गोड गोष्ट आहे. भातकापणीनंतर खाचरात उगवणारी गोरखमुंडी, बांधावरची सहदेवी, उग्र वासाचा भांबुर्डा हीदेखील याच कुलातली मंडळी.

त्याच वाटेवर दुसरी मंडळीही भेटतात. जखमेवर चोळला जाणारा दगडी पाला, जांभळट गोंड्यांची ओसाडी, झुडपांचे रान माजवणारी रानमोडी, गाजर गवत आणि अलीकडे रस्त्यांच्या कडेला पसरलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस. कुल तेच, पण या पाचही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि काही दशकांत देशभर पोहोचले. त्याच्या परागांनी अनेकांना दमा आणि त्वचेचे विकार होतात. त्याला आवर घालण्यासाठी १९८४पासून मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे भारतात सोडण्यात आले.

परदेशी म्हणून कोणतीही वनस्पती दोषी ठरत नाही. झेंडूही मेक्सिकोचाच, पण तो माणसाने लावला तिथे राहतो, डोंगर व्यापत नाही. दगडी पाल्याच्या फुलांवर फुलपाखरे मध पिताना नेहमी दिसतात. विचार करायचा तो मूळ गावाचा नसून वर्तनाचा. जी वनस्पती इतरांची जागा, ऊन आणि पाणी हिरावून घेत एकटीच उरते, तिच्यामुळे तिथल्या अनेक कीटकांचे आणि रोपांचे घर जाते.

येथे व्यापारी कुटुंबांचा प्रत्यक्ष संबंध येतो. मुंबईच्या अनेक कुटुंबांची कर्जत-खालापूर परिसरात शेतघरे आणि बंगले आहेत. पावसाळा ओसरू लागला की आवार ‘स्वच्छ’ करण्याचा आदेश सुटतो. यंत्र फिरते आणि सोनकी, सहदेवी नेमक्या फुलोऱ्यात असताना कापल्या जातात. मग मोकळ्या झालेल्या मातीत बाजारातील ‘रानफुलांच्या’ बियांचे पाकीट रिकामे केले जाते, आणि त्यात बहुधा कॉसमॉस असतो. हौस निरुपद्रवी वाटते. पण हा कॉसमॉस कुंपण ओळखत नाही. हे सारे घडते ते चातुर्मासात. ज्या काळात भूमी जीवांनी भरलेली असते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात, त्याच काळात श्रावकाच्या आवारात विनाकारण कापणी चालते.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण व्रत आहे. निष्प्रयोजन हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. म्हणूनच प्रयोजनाची आणि निष्प्रयोजन अशी विभागणी त्यांनी केली. ही विभागणी आवारात करायची तर रोप ओळखता आले पाहिजे. गाजर गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, थोडे असतानाच उपटले तर एक रोप जाते; फुलू दिले तर हजारो बिया पडतात आणि पुढच्या वर्षी कितीतरी अधिक रोपे उपटावी लागतात. येथे वेळेवर केलेले काम म्हणजे कमीत कमी हिंसा. सोनकी कापण्याला मात्र कोणतेच प्रयोजन नाही. दशवैकालिक सूत्राने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, त्याचा अर्थ इतक्या साध्या प्रसंगातही उलगडतो.

ही दृष्टी व्यापारी घराला नवी नाही. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेले कर्जत-३, कर्जत-७ असे भाताचे वाण हाती घेऊन पारखणारे व्यापारी या पेठेत आहेत. दाण्यांतला जो फरक इतरांना दिसत नाही, तो त्यांना तळहातावर कळतो. तीच पारख पाच रोपांपुरती वाढवली तरी पुरे: सोनकी, गोरखमुंडी, गाजर गवत, रानमोडी आणि कॉसमॉस. पर्युषणापासून दिवाळीपर्यंत आवाराचा एक कोपरा न कापता राखावा, घरातील मुलांनी त्यात काय उगवते याची तारीखवार नोंद करावी, आणि स्थानिक रोपांच्या बिया झडल्यानंतरच, कोरड्या दिवसांत, तो साफ करावा. बियांचे पाकीट विकत घेण्यापूर्वी त्यावर कोणत्या फुलाचे नाव आहे ते वाचावे. कोणते रोप काढायचे आणि कोणते राखायचे, हा निर्णय विळा उचलण्यापूर्वी व्हायला हवा.